दादा, तुझी झिवानिया मी वाचली

दादा, झाकण कणकेने लिंपतात हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलंही असशील, मीच कान बंद करून बसले असेन. दारू गाळायचा तांब्याचा हंडा, त्यावर तांब्याचंच घुमटी झाकण, आणि मधल्या फटीतून वाफ निसटू नये म्हणून कणीक मळून तिची लांब वळी करायची आणि गोल फिरवून दाबून बसवायची. हंडा तापला की ती कणीक भाजत जाते आणि भट्टीपाशी बसलेल्यांना पोळ्यांचा वास येतो. परवा दुपारी ड्यूटीवरून आले, पर्स खांद्यालाच होती, ओट्याशी उभ्याउभ्या तुझ्या पुस्तकातल्या भट्टीच्या प्रकरणात एवढं वाचलं आणि तुला सांगायला फोन उचलला. तूच लिहिलेलं तुलाच सांगायला. मग ध्यानात आलं, तुला जाऊन पाच आठवडे झालेत.

रडले, खोटं कशाला बोलू. पण पंधरा मिनिटांनी पुन्हा कागद हातात घेतले, कारण हंड्यातून येणारी पहिली धार बाजूला का काढतात ते वाचायचं राहिलं होतं. ती विषारी असते, डोळे जातात, हे मला नर्सिंगमध्ये शिकवलं होतं. तुझ्या त्या सायप्रस बेटावरच्या बायकांना कुणी शिकवलं? आणि त्या धारेने त्या खिडकीच्या काचा पुसतात म्हणे. मला हे इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरला थांबवून सांगितलं. ती म्हणाली, "सुमन, यू ओके?" मी म्हटलं, ओके नाही, पण काचा पुसतात.

तुझ्या पुस्तकाबद्दल लोकांना सांगणं म्हणजे एक खेळच झालाय. माझ्या भावाने पुस्तक लिहून ठेवलंय, असं म्हटलं की विचारतात, कशावर? सायप्रस बेटावरच्या पारंपरिक दारूंवर, असं सांगितलं की समोरचा आजूबाजूला बघतो. कुवेतमध्ये बसून दारूवर पुस्तक. इथे ती विकत मिळत नाही, जवळ सापडली तर नोकरी जाते आणि पाठोपाठ माणूसही देशाबाहेर. आणि लिहिणारा कोण, तर ज्याने जन्मात बिअरचा घोट घेतला नाही तो. तुझ्या प्लँटमधले लोक तुला चिडवायचे की हा पोहायला न शिकता समुद्रावर बोलतो. तू म्हणायचास, मी प्रोसेस इंजिनिअर आहे, मी कच्चं तेलही पीत नाही.

मी मात्र चिडवायचे नाही. मी उठून जायचे. कारण तुलाही माहीत होतं आणि मलाही. बाबा. नाशिककडच्या द्राक्षबागांमध्ये छाटणी करणाऱ्या टोळीचे मुकादम, हातात कात्री असली की देवमाणूस, आणि संध्याकाळी कात्री खाली ठेवली की संपलं. दारूने गेले तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास, मी अकरा. त्यानंतर आपल्या दोघांच्या घरात बाटली आली नाही. मग त्याच घरातला माणूस त्याच विषयाचा नाद का लावून घेतो, हे मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

किती भांडलो रे आपण. तू म्हणायचास, "तिकडची म्हातारी माणसं रोज जेवताना अंगठ्याएवढा पेला घेतात आणि पेला धुऊन झोपतात. आपल्याकडे काय बिघडलं, ते मला बघायचंय." मी म्हणायचे, दारू ती दारू, तिला बेट असो की बोळ. तू म्हणायचास, मद्य म्हण. मी मुद्दाम दारूच म्हणायचे. शेवटी तू सगळं सोडून एवढंच म्हणायला लागलास, "सुमे, सगळं नको वाचूस. सहावं प्रकरण तेवढं वाच. चौदा पानं आहेत." वर्षभर तरी म्हणत होतास. एका शुक्रवारी शेवटची इथल्या मिरकाब भागातल्या तुझ्या घरी जेवायला आले, तेव्हाही ती फाईल ताटाशेजारी ठेवलीस. मी म्हटलं, "तुझं दारूपुराण तुझ्यापाशी ठेव, मला वरण वाढ." तू फाईल उचललीस आणि वरण वाढलंस. तूप जरा जास्तच घातलंस. नंतर बारा दिवसांनी प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीतच तुझं हृदय थांबलं.

तुला नाशिकला घेऊन गेलो. दहावं-तेरावं झालं, आणि मी कुवेतला परत निघाले तेव्हा तुझ्या इराने ती फाईल माझ्या हातात दिली. सतरा वर्षांची पोरगी, मराठी बोलायची म्हटलं की जीभ अडखळते, पण अख्खं पुस्तक तिने टाइप केलंय हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणाली, "आत्या, बाबा डिक्टेट करायचा, आय टाइप्ड. ही सेड यू आर द फर्स्ट रीडर." वहिनी मागे उभी होती. तिने माझ्या बॅगेची चेन ओढून दिली.

विमानतळावर माझी कोण तारांबळ. फाईलमध्ये तू हंड्याची, नळीची, गार पाण्याच्या पिंपाची चित्रं काढलेली, अगदी मापं टाकून. मला वाटलं कस्टमच्या माणसाने उघडलं तर मी काय सांगणार, हे माझ्या मयत भावाचं साहित्य आहे? त्याने बॅग मशीनमधून काढली, चिवड्याचा वास घेतला आणि जा म्हणाला. मी एवढ्या जोरात "शुक्रन" म्हटलं की तो दचकला.

आणि मग वाचलं. तीन दिवस. पहिल्या दिवशी रागाने, कुठे चुकतोस ते बघायला. दुसऱ्या दिवशी राग कुठे गेला कुणास ठाऊक. कमांडारियाचं, तिथल्या गोड वाइनचं, प्रकरण मी दोनदा वाचलं. द्राक्षं वेलीवरून काढायची आणि लगेच चुरडायची नाहीत, तर आठ-दहा दिवस उन्हात पसरून सुकवायची, म्हणजे पाणी उडतं आणि गोडवा राहतो. मग रस, मग आंबवण, मग पिंपात वर्षानुवर्षं. आणि ते जुने मातीचे रांजण, आपण आत उभे राहू एवढे, अर्धे जमिनीत पुरलेले. काही घरांत रांजण कधीच रिकामा करत नाहीत, तळाला जुनं ठेवतात आणि त्यावर नवं ओततात, त्या तळच्या जुन्याला मन्ना म्हणतात. मी समासात लिहिलं, "विरजण." पान उलटलं तर खाली तूच लिहिलेलं, "आपल्या विरजणासारखंच." दादा, मी एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटले.

पण चौथ्या प्रकरणात तू माझी जी अब्रू काढलीस ती माफ नाही. "एका परिचारिकेचा प्रयोग" म्हणे. सगळं लिहिलंस? बरं, लिहिलंस ते लिहिलंस, अर्धवट लिहिलंस. मी होते तिथे, तू नव्हतास, तर आता नीट ऐक.

तू गच्चीवर द्राक्षं वाळत घातलीस तिथून सुरुवात. कमांडारियाची पहिली पायरी बघायची होती तुला, फक्त पहिली, पुढे काही करायचं नाही असं वहिनीला वचन दिलंस. भाजीबाजारातून दोन पेट्या काळी द्राक्षं, जुन्या चादरी, वरून मलमल. इमारतीचा हारिस सय्यद, राखणदार, इजिप्तचा माणूस, कमरेवर हात ठेवून विचारायला आला, "या मोहंदिस, एह दा?" इंजिनिअरसाहेब, हे काय? तू म्हणालास, "ज़बीब." बेदाणे. तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ वर येऊन मूठभर तपासणी करायचा. कुवेतचं ऊन ते, पाचव्या दिवशीच द्राक्षं सुरकुतली. सहाव्या दिवशी धुळीचं वादळ यायची सूचना आली, तेव्हा तू अर्धवट सुकलेला सगळा माल घाईघाईने गोळा करून मला दिलास आणि म्हणालास, खाऊन टाक.

मी खाऊन टाकायला हवी होती. पण इथल्या मराठी मंडळाचा भोंडला पाच दिवसांवर आलेला आणि खिरापत या वेळी माझ्याकडे. मला वाटलं, काहीतरी असं करू की एकीलाही ओळखता येऊ नये. मी काय केलं, तर द्राक्षं कुस्करली आणि गुलकंदासारखे थर दिले, द्राक्षं, साखर, द्राक्षं, साखर. स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून खिडकीत उन्हाला ठेवलं, मुरायला. आईने आयुष्यभर गुलकंद असाच केला. गुलाबाच्या पाकळ्यांना काही होत नाही, तर द्राक्षांना काय होणार?

भोंडल्याला चाळीस बायका, पाटावर हत्तीचं चित्र, फेर झाला, आणि मग खिरापत ओळखायची वेळ. आपल्याकडे डबा हलवून, वाजवून ओळखतात ना, तसा माझा डबा हातोहात फिरला. प्रत्येकीने कानाशी धरून खळखळ हलवला. लाडू? नाही. भेळ? नाही. सातवी की आठवी बाई, मालवणच्या पेडणेकरकाकू. त्यांनी असा काही हलवला की झाकण उडालं ते थेट हत्तीवर, आणि फेस काकूंच्या पैठणीवर. सगळीकडे तो वास. काकूंनी पदर नाकाशी नेला, शांतपणे हुंगला आणि म्हणाल्या, "ओळखली गो. दारू."

दारूच्या नावाला उठून जाणारी मी, आणि भर कुवेतमध्ये मंडळाच्या हॉलवर डबाभर घेऊन आलेली मी. सगळा डबा बाथरूममध्ये ओतला, तीन वेळा फिनेल टाकलं आणि तिथूनच तुला फोन केला. तू आधी घाबरलास. मग समजावलंस की द्राक्षाच्या सालीवरच ते यीस्ट असतं, साखर मिळाली, ऊब मिळाली, झाकण बंद, आणखी काय पाहिजे. आणि मग हसायला लागलास. इतका हसलास की वहिनीने फोन काढून घेतला. "सुमे, मी दहा वर्षं नुसतं वाचतोय, आणि तू पाच दिवसांत कमांडारिया करून दाखवलीस." मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. काकूंनी मात्र पुढच्या वर्षी मला बाजूला घेऊन विचारलं, यंदा खिरापत कोणाकडे आहे? हे तुझ्या पुस्तकात नाही, ते मी पेनाने घातलंय.

बघ, मी अजून सहाव्या प्रकरणाकडे येत नाहीये. काल ड्यूटीवरून आल्यावरही अशीच घुटमळत होते. सातवं वाचलं, आठवं वाचलं, शेवटची टिपणं वाचली. घाबरले होते, दुसरं काय. मला या देशात तू आणलंस, माझे पहिले सहा महिने तुझ्या घरच्या सोफ्यावर गेले, इकामाच्या, म्हणजे इथल्या निवासी परवान्याच्या, कागदांसाठी माझ्याबरोबर रांगेत तू उभा राहिलास. आणि तू मागितलंस काय, तर चौदा पानं वाच. तेवढंही मी केलं नव्हतं, आणि ती पानं उघडली की त्यात माझ्यासाठी काहीतरी असणार हे मला कळत होतं.

आज सकाळी, सुट्टी होती, चहा घेतला आणि उघडलं.

झिवानियाचं प्रकरण. रस काढून झाल्यावर उरतो तो चोथा, साली, बिया, देठ, यांच्यापासून ती करतात, पाण्यासारखी नितळ, कडक. तुझ्याबरोबर काम करणारा सायप्रसचा आंद्रेआस तुला त्याच्या गावी घेऊन गेला होता, डोंगरातल्या. ते मला माहीत होतं, तू मला तिथून द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या बदामांची माळ आणली होतीस आणि ती मी आवडीने खाल्ली होती. हे माहीत नव्हतं की तेल गाळणारा पाच मजली कॉलम चालवणारा माझा भाऊ त्याच्या आईच्या चुलीपुढे मांडी घालून दिवसभर बसला. तू पीत नाहीस हे कळल्यावर ती म्हातारी रागावली नाही. तिने तुझे दोन्ही हात पुढे करायला लावले आणि तळव्यांवर ती ओतली. चोळ, म्हणाली, आणि वास घे. मग सांगायला लागली की ही काही नुसती प्यायची नाही. दाढ दुखली तर कापसाला लावून धरायची, पाय मुरगळला तर चोळायची, आणि आंद्रेआस लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा तिने त्याची छाती हिनेच चोळली होती.

आणि त्याच्या खाली तू लिहिलंयस:

"तो वास आला आणि मला आमची खोली दिसली. माझी धाकटी बहीण पाच वर्षांची, तापाने निपचित, छातीत घरघर. आई मामाकडे गेलेली. वडील दुपारी बागेतून आले, त्यांच्या पिशवीत भरलेली बाटली होती. त्यांनी मला डॉक्टरांना आणायला पिटाळलं आणि दार लोटून घेतलं. दाराच्या फटीतून मी एवढंच पाहिलं की ते बाटलीतली दारू वाटीत ओतून तिच्या छातीला चोळतायत. मी पळालो. डॉक्टर घेऊन आलो तेव्हा बाटली रिकामी होती. ती सगळी बहिणीच्या अंगाला लागली की आधी त्यांच्या पोटात गेली, हे मला आजवर कळलेलं नाही. सगळ्या बेटाची दारू अभ्यासली, पण मला खरं ते एवढंच जाणून घ्यायचं आहे. सांगू शकेल असं एकच माणूस आहे. तिला मी कधी विचारू शकलो नाही."

दादा, तू विचारलं असतंस तर मी उठून गेले असते. बरोबर ओळखलं होतंस.

मला ती दुपार आठवते. मी कुणालाच सांगितली नव्हती, आईला नाही, तुला नाही. बाबांवरच्या माझ्या रागाचं सगळ्यात जुनं कारण आहे ते. तो वास माझ्या अंगाला होता, नाकात होता, फ्रॉक धुतला तरी जात नव्हता. नर्स म्हणून मी आजही सांगेन की पोराच्या छातीला असलं काही चोळू नये, आणि वॉर्डात कुणी चोळलं तर मी ओरडते. पण मला वासाशिवाय आणखी एक गोष्ट आठवते, जी तू पाहिली नाहीस कारण तू डॉक्टरांकडे पळाला होतास. बाटलीचं तोंड वाटीच्या काठावर टकटक वाजत होतं. तू डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत थांबतच नव्हतं. बाबांचा हात इतका थरथरत होता की अर्धी दारू गोधडीवर सांडली. ते एका हाताने दुसरं मनगट धरत होते, तरी थरथर जात नव्हती. मी आयुष्यभर म्हणत आले, एवढी ढोसली होती की ओतताही येत नव्हती.

आणि मी बावीस वर्षं नर्स आहे, दादा. ट्रेनिंगमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात शेकड्यांनी असे हात धरलेत. पिणाऱ्याचा हात प्यायल्यावर थरथरत नाही. प्यायल्यावर तो स्थिर होतो. तो असा थरथरतो ते प्यायला न मिळाल्यावर, आणि त्या वेळी हाताशी असलेल्या भरल्या बाटलीपासून लांब राहणं म्हणजे काय असतं ते मी पाहिलंय, भलेभले राहत नाहीत. हे मला इतकं पक्कं माहीत होतं, आणि स्वतःच्या बापाच्या हाताला मी ते एकदाही लावून बघितलं नाही.

सकाळपासून खोलीत येरझाऱ्या घालतेय. हसतेय, रडतेय, दोनदा चहा उतू गेला. वहिनीला फोन केला, इराला केला. इरा म्हणाली, "आत्या, मग ॲड इट ना. चॅप्टर इन्कम्प्लीट आहे." म्हणून तुझ्या त्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या वाकड्या अक्षरात, लिहिलंय. पुस्तक छापलं तर हेही छापायचं, इरा टाइप करणार आहे. बाबा त्या दुपारी प्यायले नव्हते. एक थेंबही नाही. सांडली ती गोधडीवर, उरली ती सगळी मला लावली.